बारोन रोहोचा ‘बोलुमेन ब्रुताल’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पॅनिश हार्ड रॉककडे नव्याने वळलेला श्रोता बहुधा याच एका अल्बमपासून सुरुवात करतो, आणि त्याच्या मनात येणारे प्रश्नही थोड्याफार फरकाने तेच असतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ज्या प्रश्नांच्या उत्तरांत सांगण्यासारखे पुष्कळ आहे तेथे थोडे रेंगाळलो आहे आणि जेथे दोन वाक्यांत काम भागते तेथे दोनच वाक्ये लिहिली आहेत.

हा अल्बम कोणाचा, आणि तो कधी आला?

‘बोलुमेन ब्रुताल’ हा माद्रिदच्या बारोन रोहो या बँडचा दुसरा स्टुडिओ अल्बम आहे. तो 1982 मध्ये प्रसिद्ध झाला. ध्वनिमुद्रण लंडनमध्ये झाले आणि गाणी स्पॅनिश व इंग्रजी अशा दोन भाषांत, दोन स्वतंत्र आवृत्त्यांसाठी गायली गेली. स्पेनमध्ये तो चापा डिस्कोस या लेबलवर निघाला. शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘क्रूर आवाज’ असा होईल, परंतु येथे ‘बोलुमेन’ म्हणजे रेडिओची कळ फिरवून वाढवतो तो आवाज. तेव्हा ‘कानठळ्या बसवणारा आवाज’ हे मराठी अधिक जवळचे ठरेल.

बँडच्या आणि अल्बमच्या नावाचा उच्चार कसा करावा?

स्पॅनिशमध्ये शब्दारंभीच्या ‘व्ही’ या अक्षराचा उच्चार ‘ब’ असा होतो, म्हणून ‘व्हॉल्यूम’शी नाते सांगणारा तो शब्द ‘बोलुमेन’ होतो. ‘ब्रुताल’मधला ‘त’ आपल्या ‘तलवार’मधल्या ‘त’सारखा दंत्य आहे, इंग्रजीतल्या ‘ट’सारखा नाही, मराठी माणसाला तो मुद्दाम शिकावा लागत नाही. ‘रोहो’मधला ‘ह’ मात्र घशातून, थोडा खरखरीत, उर्दूतल्या ‘ख़’कडे झुकणारा असा काढावा लागतो. पहिल्या गाण्याचे नाव माद्रिदकर ‘इन्कोमुनिकाथिओन’ असे उच्चारतात. त्यातला ‘थ’ आपला महाप्राण ‘थ’ नव्हे. जिभेचे टोक दातांमध्ये धरून हवा सोडली की तो निघतो. लॅटिन अमेरिकेतला श्रोता त्याच जागी सरळ ‘स’ म्हणतो, आणि तेही चूक नाही.

बँडमध्ये कोण कोण होते?

चार जण होते. कार्लोस दे कास्त्रो आणि आर्मांदो दे कास्त्रो हे दोघे सख्खे भाऊ गिटार वाजवत. बास गिटार होसे लुईस काम्पुसानो यांच्याकडे होती. त्यांना सगळे ‘शेर्पा’ या टोपणनावानेच ओळखतात. ड्रम वाजवणारे एर्मेस कालाब्रिया हे मूळचे उरुग्वेचे. मुख्य गायनाची जबाबदारी एकट्यावर नव्हती. कार्लोस आणि शेर्पा या दोघांचे आवाज गाण्यागणिक पुढे येतात, त्यामुळे अल्बम ऐकताना एकाच कंठाचा कंटाळा येत नाही. गीतलेखनात शेर्पांच्या तेव्हाच्या पत्नी कारोलिना कोर्तेस यांचा मोठा वाटा होता. त्या मंचावर दिसत नसत, म्हणून त्यांचे नाव अनेकदा गाळले जाते. ज्या शब्दांसाठी हा बँड आजही लक्षात आहे त्या शब्दांमागे त्यांची लेखणी आहे, हे आवर्जून सांगायला हवे.

कास्त्रो बंधू यापूर्वी कोस नावाच्या माद्रिदच्या बँडमध्ये होते. तिथले संगीत हलक्याफुलक्या, बाजारात सहज खपेल अशा वळणाला लागले असताना त्यांनी वेगळी वाट धरली आणि 1980 मध्ये बारोन रोहोची स्थापना केली.

‘बारोन रोहो’ म्हणजे काय?

‘लाल सरदार’, अर्थात पहिल्या महायुद्धातील जर्मन वैमानिक मान्फ्रेड फोन रिख्टहोफेन. त्याने हवाई लढाईत 80 विमाने पाडल्याची नोंद आहे, आणि आपले विमान तो लाल रंगवत असे, यावरून हे नाव पडले. 21 एप्रिल 1918 रोजी तो मारला गेला.

पहिला अल्बमही गाजला होता, मग दुसऱ्यालाच खरी मुसंडी का मानतात?

1981 चा ‘लार्गा विदा आल रॉक अँड रोल’, म्हणजे ‘रॉक अँड रोल चिरायू होवो’, हा पहिला अल्बम खरोखरच गाजला होता. त्यातली काही गाणी बँडने पुढे अनेक वर्षे मंचावर वाजवली. त्या अल्बमने माद्रिदच्या तरुणांना सांगितले की आपल्या शहरात, आपल्या भाषेत, इतके जड आणि इतके वेगवान संगीत करणारी मुले आहेत. परंतु तो ऐकताना त्यामागच्या साधनांची मर्यादाही ऐकू येते. गिटारी धारदार आहेत, पण भरीव नाहीत. ड्रमचा ठोका कानाला लागतो, छातीला लागत नाही.

‘बोलुमेन ब्रुताल’मध्ये तो फरक पहिल्या काही क्षणांतच जाणवतो. ध्वनी भरदार झाला, वादकांची हुकमत वाढली, रचना नेटक्या झाल्या आणि शब्द अधिक धीट झाले. शिवाय हा अल्बम सीमा ओलांडून गेला. तो ब्रिटनमध्ये कामाफ्लाज या लेबलवर प्रसिद्ध झाला, आणि ज्या देशातून हार्ड रॉक आयात करायचा अशी स्पेनची समजूत होती त्याच देशात तो विक्रीला ठेवला गेला. माझ्या मते खरी मुसंडी मात्र परदेशाइतकीच घरातही होती. या अल्बमनंतर स्पॅनिश श्रोत्याला ‘आपला बँड चांगला आहे, पण इंग्रजांसारखा नाही’ ही पुस्ती जोडावी लागली नाही.

त्या काळात स्पेनमध्ये काय चालले होते?

हा अल्बम समजून घ्यायचा तर ही पार्श्वभूमी टाळता येत नाही. हुकूमशहा फ्रान्सिस्को फ्रांको 20 नोव्हेंबर 1975 रोजी मरण पावला. त्याच्या राजवटीत गाण्यांच्या शब्दांवर अभ्यवेक्षण होते, म्हणजे तबकडी निघण्यापूर्वी सरकारी नजर त्यावरून फिरत असे. 1978 मध्ये नवी राज्यघटना आली. फेब्रुवारी 1981 मध्ये काही लष्करी अधिकाऱ्यांनी थेट संसदेत घुसून सत्ता उलथण्याचा प्रयत्न केला. तो फसला, पण लोकशाही किती कोवळी आहे हे साऱ्या देशाला दिसले. ऑक्टोबर 1982 च्या निवडणुकीत फेलिपे गोन्सालेस यांच्या समाजवादी पक्षाने मोठा विजय मिळवला. याच दोन टोकांच्या मधल्या काळात बारोन रोहोचे पहिले दोन अल्बम आले.

त्या वर्षांतल्या माद्रिदचे सांस्कृतिक चित्र काढताना आज बहुतेक जण ‘ला मोविदा’ या चळवळीविषयी बोलतात. पेद्रो आल्मोदोव्हार यांचे सुरुवातीचे चित्रपट, आलास्कासारख्या गायिका, रंगीबेरंगी पोशाख आणि रात्रभर चालणारे क्लब ही तिची ओळख. ती चळवळ महत्त्वाची होती यात शंका नाही. पण त्याच शहरात बायेकास, काराबांचेल यांसारख्या कामगार वस्त्यांमधल्या मुलांचे संगीत वेगळे होते. बापाचे काम सुटलेले, स्वतःला काम मिळण्याची चिन्हे नाहीत, अंगात डेनिमचे किंवा चामड्याचे जाकीट, आणि कानात रोसेन्दो मेर्कादो यांचा लेन्यो, टोपो, आसफाल्तो हे बँड. या प्रवाहाला ‘नागरी रॉक’ म्हटले जाई. बारोन रोहो याच वस्त्यांच्या श्रोत्यांपुढे वाढला आणि त्याने त्या प्रवाहाला अधिक जड, अधिक धातुमय रूप दिले. मोविदाचे चाहते या मुलांना गावंढळ समजत आणि ही मुले मोविदाला श्रीमंतांचा खेळ समजत. दोन्ही बाजूंनी थोडा अन्यायच झाला, पण पुढे मोविदाच्या वाट्याला संग्रहालये आणि प्रदर्शने जितकी आली तितकी या दुसऱ्या माद्रिदच्या वाट्याला आली नाहीत. अशा वेळी त्या वस्त्यांचा आवाज शोधणाऱ्याला या अल्बमसारखे पुरावेच उपयोगी पडतात.

ध्वनिमुद्रणासाठी लंडनला जाण्याची गरज काय होती?

जड गिटारचे ध्वनिमुद्रण करणे वरून दिसते तितके सोपे नसते. अँप्लिफायर पूर्ण ताकदीने चालवला की ध्वनी विरूप होतो, आणि हार्ड रॉकला हवी असते ती नेमकी हीच विरूपता. मात्र ती अँप्लिफायरमध्ये घडायला हवी. मायक्रोफोनपासून टेपपर्यंतच्या वाटेत घडली तर तो नुसता कर्कश गोंगाट होतो. दोन गिटारी एकाच पट्टीत वाजू लागल्या की त्या एकमेकींना झाकतात, बास दबतो आणि ड्रमची थाळी साऱ्यांवर पसरते. हे सगळे वेगळे राखून पुन्हा एकसंध ऐकवायचे तर त्या प्रकारच्या संगीताची सवय असलेला अभियंता आणि तशी खोली लागते. लंडनमध्ये ही विद्या दहा-पंधरा वर्षे मुरलेली होती. स्पेनमधले स्टुडिओ चांगले होते, पण त्यांचा हात हलके संगीत, गीतगायक आणि फ्लामेंको यांवर बसलेला होता.

बारोन रोहोने निवडलेला किंग्जवे स्टुडिओ मध्य लंडनमध्ये होता आणि तो डीप पर्पल या बँडचे गायक इयन गिलन यांच्या मालकीचा होता. कास्त्रो बंधूंच्या पिढीने ज्यांच्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकल्या त्यांच्यातल्याच एकाच्या स्टुडिओत आपले गाणे ध्वनिमुद्रित होणे म्हणजे काय, हे कोणत्याही वादकाला वेगळे सांगायला नको.

या ध्वनिमुद्रणात कोणी पाहुणे कलाकार होते का?

होय, आणि दोघेही साधे नव्हते. गिलन यांच्याच बँडमधले कळफलकवादक कॉलिन टाउन्स यांनी या अल्बमला साथ दिली. सॅक्सोफोनवर मेल कॉलिन्स होते. किंग क्रिम्सन आणि कॅमल या बँडमुळे त्यांचे नाव जाणकारांना परिचित होते, आणि रोलिंग स्टोन्सबरोबरही त्यांनी वाजवले होते. हार्ड रॉकच्या अल्बममध्ये सॅक्सोफोन असल्याचे वाचून काही जण बिचकतात. त्यांनी निःशंकपणे ऐकावे. बँडचा मूळ बाज कुठेही विरलेला नाही.

व्हिसेन्ते रोमेरो यांचे नाव या संदर्भात का घेतले जाते?

‘एल मारिस्काल’, म्हणजे ‘मार्शल’, या नावाने ओळखले जाणारे रोमेरो हे रेडिओ निवेदक आणि निर्माते. चापा डिस्कोस हे लेबल त्यांच्यामुळे उभे राहिले. मोठ्या कंपन्या ज्या बँडना दारात उभे करत नव्हत्या त्यांना त्यांनी रेडिओवर वाजवले आणि त्यांच्या तबकड्या काढल्या. त्यांच्याविषयी मतभेद असू शकतात, पण त्यांच्याशिवाय हा अल्बम घडला असता असे मला वाटत नाही.

अल्बममध्ये कोणती गाणी आहेत आणि ती कशाविषयी आहेत?

मूळ अल्बममध्ये 10 रचना आहेत. सुरुवात ‘इन्कोमुनिकाथिओन’ने होते. या शब्दाचा अर्थ संवाद तुटलेली अवस्था. एकांतवासातल्या कैद्यालाही स्पॅनिशमध्ये याच शब्दाच्या कुळातले विशेषण लावतात. अल्बमची पहिलीच रचना एकटेपणावर असावी ही निवड मला धाडसी वाटते, कारण हार्ड रॉकच्या अल्बमचे दार बहुधा एखाद्या आरोळीने उघडायचे असते.

ती आरोळी लगेच दुसऱ्या गाण्यात येते. ‘लोस रॉकेरोस बान आल इन्फिएर्नो’, म्हणजे ‘रॉकवाले नरकात जातात’. वडीलधाऱ्यांनी आणि धर्मोपदेशकांनी दिलेली धमकी गायक नाकारत नाही. तो ती उचलून धरतो. ते लोक आणि रॉक यांतून एकाची निवड करायची असेल तर मी माझा सर्वनाश निवडीन, असा त्याचा पवित्रा आहे. ध्रुवपदात येणारा ‘रोयो’ हा शब्द माद्रिदच्या बोलीतला आहे. मूळ अर्थ गुंडाळी. बोलीत मात्र ‘आपला प्रांत, आपली आवड, आपले जग’ असे सगळे त्यात येते. मराठीत कोणी ‘हे आपले काम’ असे छातीवर हात ठेवून म्हणतो, त्याच्या जवळ जाणारा तो भाव आहे.

‘सोन कोमो ओर्मिगास’, म्हणजे ‘ते मुंग्यांसारखे आहेत’, हे नावच झुंडीने चालणाऱ्या माणसांकडे बोट दाखवते. ‘लास फ्लोरेस देल माल’ हे शीर्षक फ्रेंच कवी बोदलेर यांच्या 1857 च्या काव्यसंग्रहाच्या नावाचा स्पॅनिश अवतार आहे, आणि कामगार वस्तीतल्या बँडने ते उचलावे यावरून त्यांच्या वाचनाची कल्पना येते. याशिवाय ‘दामे ला ओपोर्तुनिदाद’, ‘रेसिस्तिरे’, ‘सातानिको प्लान’ आणि ‘एर्मानो देल रॉक अँड रोल’ आहेत. ‘एल बारोन बुएला सोब्रे इंग्लातेर्रा’, म्हणजे ‘सरदार इंग्लंडवरून उडतो आहे’, या नावातला खट्याळपणा लपत नाही. ब्रिटिश वैमानिकांचा कर्दनकाळ ठरलेल्या जर्मन माणसाचे नाव घेतलेला बँड लंडनमध्ये बसून हे ध्वनिमुद्रित करत होता.

शेवटची रचना ‘कोन्सिएर्तो पारा एयोस’, म्हणजे ‘त्यांच्यासाठी मैफल’. जॅनिस जॉप्लिन, जिमी हेंड्रिक्स, जॉन बोनहॅम अशा अकाली गेलेल्या रॉक कलावंतांना ही श्रद्धांजली आहे. अल्बम एकटेपणापासून निघतो आणि मृतांच्या संगतीत येऊन थांबतो. मला हा प्रवास ठरवून केलेला वाटतो, आणि म्हणूनच हा अल्बम गाण्यांचा क्रम न बदलता ऐकावा असा माझा आग्रह आहे.

‘रेसिस्तिरे’ हे 2020 मध्ये स्पेनच्या गच्च्यांवर गायले गेलेले तेच गाणे आहे का?

नाही. हा गोंधळ इतका सार्वत्रिक आहे की त्याचे स्वतंत्र उत्तर द्यायला हवे. करोनाच्या टाळेबंदीत स्पेनमधील लोकांनी बाल्कनींत उभे राहून जे ‘रेसिस्तिरे’ गायले ते दुओ दिनामिको या जोडगोळीचे 1988 चे गाणे आहे. आल्मोदोव्हार यांच्या 1990 मधील एका चित्रपटामुळेही ते परिचित झाले. बारोन रोहोचे ‘रेसिस्तिरे’ त्याच्या 6 वर्षे आधीचे आहे. दोन्हींचे नाव एक आणि निर्धारही एक, पण चाल, शब्द आणि स्वभाव पूर्णपणे वेगळे आहेत. दुओ दिनामिकोचे गाणे दिलासा देते. बारोन रोहोचे गाणे मूठ आवळते.

हार्ड रॉकला स्पॅनिश भाषा मानवते का?

त्या काळी स्पेनमध्ये यावर खरोखर वाद होत असे. इंग्रजीत एकाक्षरी, टोकदार शब्दांची रेलचेल असते आणि ते ड्रमच्या ठोक्यावर नेमके बसतात. स्पॅनिश शब्द लांब असतात. ‘इन्कोमुनिकाथिओन’ या एका शब्दातच सहा अवयव, म्हणजे उच्चाराचे सहा तुकडे, आहेत. त्यामुळे अनेकांना वाटे की स्पॅनिशमध्ये हे संगीत केले तर ते पसरट होईल.

या अल्बमने त्या शंकेला जे उत्तर दिले ते मराठी श्रोत्याला लवकर कळेल. ‘रेसिस्तिरे’ हा एकच शब्द घ्या. त्याचा अर्थ ‘मी प्रतिकार करीन’. कर्ता, क्रिया आणि भविष्यकाळ हे तिन्ही त्या एका शब्दात आहेत, जसे आपल्या ‘झुंजेन’ किंवा ‘टिकेन’ या क्रियापदांत असतात. इंग्रजीला यासाठी तीन शब्द जुळवावे लागतात. शिवाय आघात शेवटच्या ‘रे’वर येतो आणि तो शब्द मोकळ्या स्वरावर संपतो, त्यामुळे गायकाला तो हवा तितका लांबवता येतो आणि हजारो लोकांना तो एकत्र ओरडता येतो. ‘दामे’ या शब्दात ‘दे’ आणि ‘मला’ दोन्ही आहेत. लांब शब्द ही अडचण आहे असे मानण्याऐवजी कारोलिना कोर्तेस आणि बँडने त्यांना गिटारच्या ओळींइतकीच लांबी दिली आणि आघात ड्रमवर नेऊन बसवले. माझ्या दृष्टीने या अल्बमची सर्वांत मोठी कामगिरी हीच आहे. लंडनचा ध्वनी पैसे मोजून मिळवता येतो. स्वतःच्या भाषेतून ठोका काढण्याची रीत स्वतःच शोधावी लागते.

मग इंग्रजी आवृत्ती कशासाठी काढली? आणि कोणती ऐकावी?

ब्रिटन आणि युरोपच्या बाजारात स्पॅनिश गाणी चालणार नाहीत ही धारणा तेव्हा सर्वत्र होती, आणि बँडने ती संधी घेऊन पाहिली. संगीत तेच राहिले, गायन इंग्रजीत झाले. आयर्न मेडनचे गायक ब्रूस डिकिन्सन यांनी इंग्रजी शब्दांसाठी मदत केली असे या बँडच्या इतिहासात वारंवार सांगितले जाते.

इंग्रजी आवृत्ती अभ्यासासाठी जरूर ऐकावी. एकच वाद्यसंगीत दोन भाषांखाली कसे वेगळे वागते हे समजण्याची तशी संधी क्वचित मिळते. परंतु पहिल्यांदा ऐकणाऱ्याने स्पॅनिश आवृत्तीच घ्यावी, भाषा येत नसली तरीही. इंग्रजीत गायक शब्द सांभाळतो आहे हे जाणवते. स्पॅनिशमध्ये तो त्या शब्दांवर स्वार झालेला आहे. ज्या श्रोत्यांनी हा अल्बम चाळीस वर्षांहून अधिक काळ जपला ते स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतले आहेत, आणि त्यांनी जपली ती स्पॅनिश आवृत्ती. पारपत्र म्हणून जी आवृत्ती काढली ती मागे राहिली आणि घरची आवृत्ती दूरवर गेली.

रेडिंग महोत्सवाचे काय महत्त्व आहे?

इंग्लंडमधील रेडिंगचा महोत्सव हा त्या वर्षांत हार्ड रॉक आणि हेवी मेटलच्या चाहत्यांचा मोठा मेळावा होता. 1982 च्या ऑगस्टमधील महोत्सवात बारोन रोहोने आपली कला सादर केली; त्याच वर्षी आयर्न मेडनही तेथे होते. इंग्रजी प्रेक्षक आवडत नसलेल्या बँडला मंचावरून हुसकावून लावण्यासाठी कुप्रसिद्ध होते. अशा जागी माद्रिदच्या चौघांनी उभे राहून वाजवणे ही स्पेनमधल्या चाहत्यांसाठी अभिमानाची गोष्ट होती, आणि आजही तिचा उल्लेख त्याच अभिमानाने होतो.

हे हार्ड रॉक आहे की हेवी मेटल?

दोन्ही म्हणता येईल, आणि त्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. मुळे डीप पर्पल, लेड झेपेलिन, एसी/डीसी यांच्या हार्ड रॉकमध्ये आहेत. वेग, दोन गिटारींची जुगलबंदी आणि एकूण आक्रमकता त्या वेळच्या ब्रिटिश हेवी मेटलच्या नव्या लाटेशी जुळते. स्पेनमध्ये चाहते स्वतःला सरळ ‘हेवी’ म्हणवत, आणि हा अल्बम त्यांच्या घरचाच मानत.

गाण्यांच्या नावांत सैतान आणि नरक येतात. हे सैतानपूजक होते का?

नाही. सुमारे चार दशके कॅथलिक धर्म हा राज्ययंत्रणेचा भाग असलेल्या देशात ही मुले वाढली होती. शाळेत, घरी आणि प्रवचनात नरकाची भीती हे शिस्तीचे साधन होते. त्या भीतीला नाव घेऊन समोर उभे करणे हा त्यांच्यासाठी मुक्त होण्याचा मार्ग होता. ‘रॉकवाले नरकात जातात’ हे वाक्य त्यांनी रचलेले नाही. ते त्यांना ऐकवले गेले होते आणि त्यांनी ते परत केले.

या अल्बमनंतर बँडने काय केले?

1983 मध्ये ‘मेटालमोर्फोसिस’ हा तिसरा अल्बम आला. त्यातले ‘सिएम्प्रे एस्तास आयी’ हे गाणे बँडच्या सर्वांत लोकप्रिय गाण्यांपैकी एक ठरले, आणि ‘हिरोशिमा’सारख्या रचनेत त्यांची युद्धविरोधी भूमिका दिसली. फेब्रुवारी 1984 मध्ये माद्रिदमधील रेआल माद्रिदच्या क्रीडामंडपात झालेल्या मैफलींतून ‘बारोन आल रोहो बिवो’ हा जिवंत ध्वनिमुद्रणाचा दुहेरी अल्बम निघाला. ‘बोलुमेन ब्रुताल’मधली गाणी मंचावर किती वाढली होती हे ऐकायचे असेल तर तो अल्बम घ्यावा, प्रेक्षक शब्दन् शब्द गात आहेत.

1985 च्या ‘एन उन लुगार दे ला मार्चा’ या अल्बमचे नाव हा शब्दखेळ आहे. ‘दोन किहोते’ या थोर कादंबरीच्या आरंभी ‘ला मांचा प्रांतातल्या एका ठिकाणी’ असे शब्द आहेत. बँडने ‘मांचा’च्या जागी ‘मार्चा’ घातले, ज्याचा बोलीतला अर्थ धमाल, रात्रीची मौज असा होतो. त्यानंतर लोकप्रियता हळूहळू ओसरत गेली. 1989 च्या ‘ओब्स्तिनातो’ नंतर शेर्पा आणि एर्मेस बाहेर पडले. कास्त्रो बंधूंनी नवे वादक घेऊन बँड पुढे चालू ठेवला.

मूळ चौघे पुन्हा एकत्र आले का?

आले. स्थापनेला 30 वर्षे होत असताना, 2010 च्या सुमारास, चौघांनी मिळून मैफली केल्या. तो मेळ कायमचा टिकला नाही, पण ज्यांनी 1982 मध्ये तबकडी विकत घेतली होती ते आपल्या मुलांना सोबत घेऊन त्या मैफलींना गेले.

हा अल्बम आवडल्यास पुढे काय ऐकावे?

प्रथम याच बँडचा पहिला अल्बम आणि ‘मेटालमोर्फोसिस’ ऐकावा, म्हणजे आधीचे आणि नंतरचे पाऊल कळेल. त्याच पिढीतला ओबुस हा माद्रिदचा बँड अधिक सरळ आणि अधिक उत्सवी आहे. त्यांच्या 1981 च्या ‘प्रेपाराते’ या पहिल्या अल्बमची निर्मिती तिनो कासाल या पॉप गायकाने केली होती, आणि त्या काळातल्या भिंती वाटतात तितक्या उंच नव्हत्या हे त्यावरून समजते. बास्क प्रांतातून आलेल्या आन्हेलेस देल इन्फिएर्नो या बँडचा 1984 चा ‘पाक्तो कोन एल दियाब्लो’ हा अल्बम अधिक काळोखी वळणाचा आहे. ज्यांना शब्द अधिक आणि गोंगाट कमी हवा असेल त्यांनी लेन्यो ऐकावा. रोसेन्दो मेर्कादो यांच्या आवाजात काराबांचेलचा रस्ता अगदी जवळून ऐकू येतो.

पहिल्यांदा ऐकताना काय लक्षात ठेवावे?

आवाज मोठा ठेवावा. शीर्षकानेच तशी सूचना दिली आहे. पहिल्या खेपेस शब्दांच्या मागे लागू नये. दुसऱ्या खेपेस ‘रेसिस्तिरे’च्या ध्रुवपदात शेवटच्या ‘रे’वर ड्रम कुठे पडतो ते ऐकावे, आणि मग तेच गाणे इंग्रजी आवृत्तीत लावून तोच ठोका शोधावा.